गच्चीवरचा खांब

काचेवरचा ठिपका त्या वस्तूवर बरोबर टेकत होता, वस्तू मात्र कशावरच टेकत नव्हती. त्याने डोळे मिटले, उघडले, भिंगं रुमालाने पुसली – रुमालाचाच एक धागा काचेवर राहिला, तो फुंकरीने उडवला – आणि पुन्हा वाकून पाहिलं. खाली फोटोतली गच्ची, गच्चीच्या वर एकोणीस मीटर हवा, आणि त्या हवेत खसखशीच्या दाण्याएवढी ती काळसर वस्तू, निवांत, आपला कायमचा पत्ता हाच आहे अशा थाटात. काल दुपारी, जेवणानंतरच्या सुस्तीत, त्याने तिची उंची मोजून उंच वस्तूंच्या यादीत लिहिलं होतं : खांब, एकोणीस मीटर. आज सकाळी यादी परत आली होती आणि त्या नोंदीशेजारी तपासनीस बाईंच्या बारीक अक्षरात एकच शब्द होता : सावली?

तपासनीस बाई म्हणजे जेमतेम तिशीची मुलगी. सहा वर्षांपूर्वी याच टेबलाशी बसून ती त्याच्याकडून हे काम शिकली – विमानातून काढलेले दोन फोटो स्टिरिओस्कोपच्या जोडभिंगाखाली शेजारी शेजारी कसे ठेवायचे, डावा डोळा डाव्यावर आणि उजवा उजव्यावर, मग सपाट कागदातून घरं कशी उभी राहतात, आणि काचेवरचा ठिपका स्क्रू फिरवत फिरवत छपरावर अलगद कसा उतरवायचा. त्यामुळे सगळ्या ऑफिसासारखी तीही त्याला मास्तर म्हणते, आणि आता मास्तरांचीच वही तपासते.

"मास्तर, एकोणीस मीटरच्या खांबाची सावली एक मीटर तीस?" ती मागे येऊन उभी होती.

"बघतो."

"आजच बघा हं. यादी चार वाजता विमानतळाच्या धावपट्टीवाल्यांकडे जायचीये. हे असंच गेलं ना, तर त्या बिल्डिंगला नोटीस जाईल. खांबाला लाल-पांढरे पट्टे मारा, वर लाल दिवा लावा."

"बघतो म्हटलं ना."

ती गेली. तिच्या चपलांचा आवाज तिच्या टेबलापर्यंत पोचेतो तो भिंगांवर वाकून राहिला, कारण त्याचे कान गरम झाले होते आणि ते कुणाला दिसू नयेत असं त्याला वाटत होतं. सावली खोटं बोलत नाही – हे वाक्य दर नव्या तुकडीला पहिल्या दिवशी फळ्यापुढे उभं राहून कोण सांगतं? मीच. वस्तू कितीही तोरा मिरवू दे, तिची सावली आधी मोजा, असं घसा खरवडून कोण सांगतं? मीच. आणि पोटात दहीभात गेला की... नाही, दहीभाताला कशाला दोष द्यायचा, चूक माझीच.

आणि चूक तरी कसली, पहिल्या धड्यातली! विमान एक फोटो काढतं, सहा सेकंदांनी दुसरा काढतं. पहिल्यात आलेला अर्ध्याहून जास्त भाग दुसऱ्यातही यायला हवा, म्हणजे तीच जमीन दोन ठिकाणांहून दिसते आणि तिला उंची येते. पण हे खरं कुणाच्या बाबतीत? जे जागेवर थांबलं त्याच्या. त्या सहा सेकंदांत जे हललं, ते विमानाच्या दिशेने गेलं असेल तर जमिनीत बुडालेलं दिसतं, उलट्या दिशेने गेलं असेल तर हवेत तरंगतं. एका नवशिक्याने एकदा दुधाच्या गाडीला पाण्याची उंच टाकी ठरवलं होतं आणि मास्तरांनी त्यावरून त्याची वर्षभर खेचली होती. म्हणजे हा खांब वगैरे काही नव्हता. कुणीतरी माणूस गच्चीवर इकडून तिकडे गेला होता, एवढंच. सुटलो. नोंद खोडायची, शेजारी कारण लिहायचं, सही ठोकायची, आणि चहा.

पेन्सिल उचलली आणि सवयीने – खाडाखोड करण्याआधी आजूबाजूला काय आहे ते एकदा पाहून घ्यायची सवय – त्याने भिंग गच्चीवरून फिरवलं. पश्चिमेला जिन्याची खोली. पूर्वेला पाण्याची टाकी. मध्ये दोन समांतर दोऱ्यांवर आडव्या पसरलेल्या चादरी, पांढऱ्या, चार... आणि प्रत्येक चादरीने आधीच्या चादरीचा अर्ध्याहून जास्त भाग झाकलेला.

अशा चादरी वाळत घालणारा माणूस जगात एकच आहे. "अहो, हे असे एकावर एक चढवलेले कपडे वाळतील कसे?" असं ज्याला दोन वर्षं दर खेपेला ऐकावं लागतं आणि जो दोन वर्षं दर खेपेला म्हणतो, "एकही कोपरा सुटायला नको," तो माणूस. त्याने मान वर केली. समोर भिंत होती, भिंतीवर घड्याळ होतं, घड्याळात पावणेअकरा वाजले होते, आणि त्याला नक्की कसलं वाईट वाटतंय ते त्याला कळेना – काल आपण आपलंच घर मोजलं आणि ओळखलं नाही याचं, की आज ओळखलं याचं.

ओळखलं नाही, कारण वरून कधी पाहिलंच नव्हतं. हे कारण त्याने स्वतःला ताबडतोब देऊन टाकलं. मग दुसरं काम काढलं. गच्चीवर कोण होतं? माणसाने ठरवलं तर हा प्रश्न सोडून देता येतो, चहाला जाता येतं, पण एकतीस वर्षं ज्याने परक्या लोकांच्या विहिरी, गोठे, चोरून बांधलेल्या खोल्या वरून शोधून काढल्या त्याला स्वतःच्या डोक्यावर कोण पळतंय हे सोडून देता येत नाही. विमान उडालं चौदा तारखेला, बुधवारी. फोटोची वेळ दहा त्रेचाळीस. त्या वेळी सूर्य किती वर होता ते कोष्टकात होतं. सावलीची लांबी एक मीटर तीस. गुणाकार केला तर उंची आली एक मीटर पंचावन्न, म्हणजे पाच फूट एक इंच.

वरच्या मजल्यावरची शाळाशिक्षिका साडेपाच फुटांची. तिच्या समोरच्या म्हातारबुवांना दारापर्यंत यायला काठी लागते. खालचं कुटुंब सकाळी आठला कुलूप लावून जातं. गच्चीच्या किल्ल्या दोन, त्यातली एक त्याच्या घरात दाराशेजारच्या खिळ्याला. आणि बायको... बायको प्रत्येक फॉर्मवर पाच फूट दोन इंच लिहिते. लग्नाआधी मुलाकडच्यांना सांगितलेला तो इंच ती इतकी वर्षं निगुतीने सांभाळत आली होती, आणि आज कोष्टकाने तो काढून घेतला. त्याला क्षणभर जरा हसूच आलं.

मग आलं नाही. कारण बायकोचे गुडघे! दोन वर्षांपूर्वी एका सकाळी ती खुर्चीवर बसून म्हणाली होती, "अहो, मला आता जिना चढवत नाही," आणि तेव्हापासून कपड्यांची बादली त्याच्या हातात आली होती. तीन मजले, चौपन्न पायऱ्या, दिवसाआड. म्हणजे तीनशे पासष्ट बादल्या, ओल्या. त्याने एकदाही कुरकुर केली नव्हती – केली होती, पण मनात – उलट ऑफिसात चारचौघांत सांगितलं होतं की आमच्याकडे गच्चीचं खातं माझ्याकडे असतं. आणि ही बाई! त्याने घाईघाईने दोन्ही फोटोंतलं अंतर मोजलं. डाव्यात ती जिन्याच्या खोलीपाशी, उजव्यात टाकीपाशी. बारा मीटर. सहा सेकंदांत बारा मीटर. हे चालणं नव्हे. बस सुटत असतानासुद्धा ही बाई "जाऊ दे, दुसरी येईल" म्हणत थांबते, आणि इथे, माझ्या चादरींच्या मधून, ताशी सात किलोमीटर!

कुणाकडे पळत होती? हा विचार आला तशी त्याला त्याची लाज वाटली, आणि लाज वाटत असतानाच हात भिंगावर गेला. पूर्वेला टाकी, टाकीपलीकडे कठडा, कठड्यापलीकडे शेजारची बिल्डिंग. त्या गच्चीवर एक गोल, काळा डाग. त्याने श्वास रोखून त्याची सावली मोजली. चाळीस सेंटिमीटर. कुंडी होती. त्या कुंडीवर त्याने वेगवेगळ्या कोनांतून बराच वेळ घालवला, अखेर ती कुंडीच आहे हे मान्य केलं, आणि पुढचा फोटो काढला – विमानाच्या त्याच फेरीतला तिसरा. त्यातही कडेला, जरा कलती, त्याची गच्ची आली होती. आणखी सहा सेकंदांनंतरची. आता ती टाकीपाशी नव्हती. दोन्ही दोऱ्यांच्या मध्ये होती, परतीच्या वाटेवर.

म्हणजे कुणाकडे नाही. नुसती जात होती आणि येत होती. कठड्यापर्यंत, आणि परत. तो खुर्चीत मागे टेकला. कुणी असतं तर परवडलं असतं, असं त्याच्या मनात आलं. कुणी असतं तर त्याची उंची काढता आली असती, त्याच्यावर चिडता आलं असतं, दार आपटता आलं असतं. पण ही बाई दहा त्रेचाळीसला, नवरा ऑफिसला गेल्यावर, किल्ली घेऊन, चौपन्न पायऱ्या चढून, रिकाम्या गच्चीवर स्वतःशीच पळते, आणि संध्याकाळी दार उघडताना चौकटीला धरून उभी राहते. हे कुठल्या रकान्यात घालायचं?

तिसऱ्या फोटोत आणखी एक गोष्ट होती. वरून माणसाचं डोकं म्हणजे काळा ठिपका, केसांचा. पहिल्या दोन्ही फोटोंत तो काळाच होता. तिसऱ्यात करडा होता, जवळजवळ पांढरा. असं केव्हा होतं? माणूस टोपी घालतो तेव्हा, किंवा तोंड वर करून विमानाकडे पाहतो तेव्हा. सहा सेकंदांत टोपी कुठून येणार... फिल्मवरच्या रसायनाचा दाणा असेल. फिल्मचा दाणाच असेल, त्याने स्वतःला बजावलं, आणि तरी त्याने भिंगावरून डोळा काढला तो कुणी आपल्याकडे टक लावून पाहत असेल तर काढावा तसा.

ती पूर्वी भरभर चालायची. हे त्याला आठवलं नाही, हे त्याला माहीतच होतं, फक्त बरीच वर्षं कुणी विचारलं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात दोघं फिरायला जायचे तेव्हा ती बोलता बोलता चार पावलं पुढे निघून जायची, मग मागे वळून, हातवारे करत, त्याच्याकडे तोंड करून उलटी चालायची, आणि तो घामाघूम होऊन मागून यायचा... जुन्या घराच्या पायऱ्या ती दोन-दोन एकदम उतरायची. एकदा त्याच्या ऑफिसातले कुणीतरी समोरून आले, हसले, म्हणाले, वहिनी पुढे आणि साहेब मागे! त्या संध्याकाळी त्याने तिला म्हटलं, "जरा हळू चालत जा. लोक बघतात." रागावून नाही, अगदी समजुतीने म्हटलं होतं. आणि ती हळू चालायला लागली. इतकं सोपं होतं ते. महिन्याभरात तिची पावलं त्याच्या पावलांशी जुळली, आणि इतक्या वर्षांत त्याने ज्या काही गोष्टी संसारात नीट लावल्या असं त्याला वाटत होतं – गॅसची नळी, मुलीची शाळा, विम्याचे कागद – त्यांत तो हीही गोष्ट मोजत आला होता.

मूर्खा, तो स्वतःला म्हणाला. तिला हळू चालायला तू सांगितलंस. गुडघ्यांचं तिने नंतर शोधलं.

पण मग हेही वाटलं की मला सांगायचं तरी! मी काय नको म्हटलं असतं? त्याने खरोखर, प्रामाणिकपणे विचार करून पाहिला. नको म्हटलं नसतं. कशाला, एवढंच विचारलं असतं. आणि कशाला या प्रश्नाला तिने काय उत्तर दिलं असतं? त्याला सुचलं नाही. आपल्याला सुचत नाही याची त्याला भीती वाटली.

साडेतीनला तपासनीस बाई आली. "झालं का, मास्तर?"

खांब खोडलेला होता. कारणाच्या रकान्यात त्याने नीट, वळणदार अक्षरात लिहिलं होतं : फिल्मवरचा डाग. तिने वाचलं. मग अगदी हळू, शेजारच्या टेबलावर ऐकू जाऊ नये इतकं हळू म्हणाली, "डाग दोन्ही फोटोंत आलाय? सावलीसकट?"

तिच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती, हे जास्त वाईट होतं. त्याने रबर घेतलं, डाग पुसला, लिहिलं : चालती व्यक्ती.

"धावती," ती म्हणाली. "काढलंय मी. सहा सेकंदांत बारा मीटर. माझ्या डोक्यात काल रात्रीपासून तेच आहे, मास्तर. बुधवारी सकाळी भर कामाच्या वेळात गच्चीवर कुणी असं सुसाट पळत असेल... मला तर हेवाच वाटला. कोण असेल हो?"

"मला काय माहीत," तो फटकन म्हणाला. खोटं बोलायचं म्हणून म्हणाला होता. पण म्हणून झाल्यावर त्यात खोटं असं काही सापडेना. शेवटी त्याने 'चालती' खोडून 'धावती' केलं. यादी चार वाजता गेली.

घरी दार बायकोनेच उघडलं. चौकटीला धरून. "अहो, आभाळ भरून आल्यासारखं वाटतंय. चादरी तेवढ्या काढून आणता? मीच गेले असते, पण आज गुडघे नुसते ठणकतायत."

बुटाची नाडी सोडता सोडता तो थांबला. रस्ताभर त्याने एक वाक्य घोळून तयार केलं होतं, त्यात 'दहा त्रेचाळीस' असं होतं. ते आलं नाही. "तूही चल," तो म्हणाला.

"मी?"

"हळूहळू चढू. मी आहे ना."

मग तिने किल्ली घेतली, आणि जिना सुरू झाला. काय सांगावं, अव्वल काम होतं! कठडा धरून, एक पाय, मग त्याच पायरीवर दुसरा पाय. प्रत्येक वळणावर थांबणं, कमरेवर हात, "आई गं". फक्त एक राहून गेलं होतं. तिसऱ्या मजल्यावर धाप त्याला लागली, तिला लागली नाही. ते तिच्या लक्षात आलं असावं, कारण शेवटच्या दहा पायऱ्या ती घाईने धापा टाकायला लागली, आणि त्या धापा इतक्या उशिरा सुरू झाल्या होत्या की त्याने तोंड फिरवून भिंतीकडे पाहिलं. त्याला हसू येत होतं.

गच्चीवर अंधारून येत होतं. दाराबाहेर दोन पावलांवर कुणाच्या तरी अँटेनाची तार गळ्याच्या उंचीवर आडवी गेली होती. बायको मान वर न करता तिच्याखालून वाकून गेली. त्याच्या मात्र ती गळ्यात अडकली. दोन वर्षं तो इथे येत होता.

चादरी काढताना दोघं दोन टोकांना उभे राहिले. तिने तिच्या बाजूची टोकं जुळवली, त्याने त्याच्या बाजूची. अर्ध्या घडीवर दोघं पुढे आले, आणि ती एवढ्या जवळ असताना तो म्हणाला, "चौदा तारखेला आमचं विमान गेलं होतं इथून. फोटोचं."

तिचे हात थांबले नाहीत. "हो का?"

"हं."

"मग?" ती चादरीकडे बघत होती. "काही दिसलं?"

त्याच्याजवळ सगळं होतं. वेळ, उंची, वेग, तीन फोटो, सावली. एवढा पुरावा त्याच्याजवळ आयुष्यात कधीच नव्हता, आणि ती समोर चादरीची चार टोकं मुठीत घट्ट धरून उभी होती, लहान मुलं पकडली जायच्या आधी उभी राहतात तशी, आणि तिची ती मूठ पाहून त्याचा सगळा राग, तीनशे पासष्ट बादल्यांसकट, कुठल्या कुठे गेला. आता नुसती धाकधूक राहिली. तिचं हे एवढंसं काही आपल्या हातून मोडेल याची.

"गच्ची दिसली," तो म्हणाला. "चादरी दिसल्या. वाळत नाहीत त्या तशा, तुझं बरोबर आहे."

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग चादर त्याच्या हातावर ठेवली.

"तू हो पुढे," तो म्हणाला. "मी कुलूप लावून येतो."

ती तारेखालून गेली. त्याने कुलूप लावलं, उघडलं, पुन्हा लावलं, किल्ली खिशात टाकली, काढली. खालून उतरत्या पावलांचा आवाज येत होता, एक पाय, मग त्याच पायरीवर दुसरा. पहिलं वळण. थांबली. तो चादरी पोटाशी धरून, हलूसुद्धा नये असा उभा राहिला. एकतीस वर्षांच्या सवयीने मनात आकडे यायला लागले होते, ते त्याने बाजूला सारले.

"अहो, येताय ना?" जिन्यातून आवाज घुमत आला.

"येतो, येतो!" तो ओरडला. "तू थांबू नकोस!"

बोलून गेल्यावर ते त्याला ऐकू आलं. इतक्या मोठ्याने तो तिच्याशी कधी बोलला नव्हता. खाली सगळं शांत होतं. ती हसत असेल, की रडत असेल, की नुसती उभी असेल... आणि खरंच थांबली नाही तर? आता या वयात, एवढी पुढे निघून गेली तर मी कुठे धावणार आहे? त्याला घाम फुटला, त्या जुन्या संध्याकाळी फुटायचा तसा. आणि तरीही तो खाली उतरेना, कान देऊन, नवरदेवासारखा भांबावून, तिच्या पुढच्या पावलाची वाट पाहत राहिला.